मावशीची साक्ष

"आली, आली! मावशी आली!"

तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी ओरडलं आणि स्टँपवाल्याच्या टेबलापासून पाणपोईपर्यंत सगळी माणसं उठून उभी राहिली. निवृत्तीआण्णा फाटकातून आत येत होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी आणि ओठावर मिशी. दोन महिने राखलेली, काळी, दाट. ती बघितली आणि लोकांना आणखीच हसू फुटलं.

"मावशीला मिशा फुटल्या की रं!"

"मावशे, कुनाची उसनी आनलीस?"

एकानं बायकी गळा काढून "खरं सांगू?" म्हटलं. लगेच अख्खा व्हरांडा एका सुरात ओरडला, "सांग की गं!" आणि सगळे आण्णांच्या तोंडाकडे बघत थांबले. तिसरा शब्द त्यांचा होता. तो त्यांनी दिला नाही. मान खाली घालून ते माझ्यापाशी आले आणि बाकाच्या टोकावर बसले.

"हौसे, खाल्लंस का काय?"

"न्हाई."

"मी बी न्हाई."

समोर टाइपरायटर खडखडत होता. मग मीच विचारलं, "आण्णा, मिशी कशापायी?"

"जज्जाला वाटाय नगं का, गडी बोलतोय म्हनून? मावशीला घरला ठिवून आलोय बघ. खुट्टीला अडकवून."

शेजारी बसलेला एक म्हातारा खुदकन हसला. आण्णांनी वळून त्याच्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली. वाघाची नव्हे, साधी, परीक्षेला बसलेल्या पोराची भीती.

"बघितलंस? आता ह्यात हसन्यागत काय हुतं?"

"काय नव्हतं."

"मग?"

"आण्णा, आज कुनाला हसवू नगासा. येवढं माज्यासाठी करा."

"तुज्यासाठी न्हाई," ते म्हणाले, "दिनूसाठी. माज्या डोळ्यापुढं गेलाय त्यो."

निवृत्ती वायदंडे हे नाव आमच्या फडाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मावशी म्हटलं, की जत्रेतलं पाळण्यात बसलेलं माणूससुद्धा खाली उतरून यायचं. रंगरावाच्या तमाशात अकरा वर्षं ते मावशी आणि मी राधा. गवळणीत राधा दूध घेऊन बाजाराला निघते, तिच्यासंगं ही म्हातारी असते. लुगडं नेसलेला पुरुष, तोंडावर पदर आणि पदराआड इंगळ. मी मावशीला तिचं वय विचारायची. मावशी लाजायची, पायाच्या अंगठ्यानं माती उकरायची आणि म्हणायची, "खरं सांगू?" मी म्हणायची, "सांग की गं!" मग मावशी थांबायची. इतकी थांबायची, की पब्लिकचा वर गेलेला श्वास वरच अडकून राहायचा. आणि मग, "नगं!" एवढंच. कनात हालायची.

पुढं एका पिक्चरवाल्यानं त्यांना लुगड्यासकट उचललं. पडद्यावर राधा दुसरी होती, गोरी, शिकलेली. वाक्य मात्र तेच गेलं आणि घराघरांत पोचलं. चार पिक्चर झाले. शाळेतली पोरं मास्तरनं पाढा विचारला की "नगं!" म्हणू लागली. तरी जत्रांचा हंगाम आला, की आण्णा फडावर हजर. म्हणायचे, "पडद्याला हशा ऐकू येत न्हाई गं. तिथं एक जन घड्याळ बघून सांगतोय, हितं हसत्याल, हितं थांबा. आंधळ्यानं कुंकू लावल्यागत वाटतंय."

माझा नवरा दिनकर त्याच फडाचा वायरमन. कर्णे, माइक, दिवे, सगळं त्याच्या बोटांत. मी गाताना कर्णा कधी कचरला नाही. बाकीच्या बायकांना नवरे सोन्याची फुलं करायचे, माझ्या नवऱ्यानं मला आवाज दिला, असं मी म्हणायची.

चैत्रातल्या एका जत्रेत तो गेला. रात्रीच्या तमाशानंतर दुसऱ्या दिवशी उन्हात, देवळापुढं गावासाठी पुन्हा खेळ करावा लागतो, त्याला हजेरी म्हणतात. हजेरी चालली होती. धूळ बसावी म्हणून गावकऱ्यांनी पटांगणावर टँकरभर पाणी मारलं होतं. जनरेटरची वायर त्या ओल्यातून आली होती आणि तिचा जोड कुठंतरी कच्चा पडला होता. मी गात होते,

दूध नासंल गं मावशी, ऊन चढलं माथ्यावरी
बाजार लांब र्‍हायला, सावली न्हाई वाटंवरी

आणि कर्णा खरखरत होता. कडवं संपायच्या आत आवाज एकाएकी स्वच्छ झाला. तांब्यात पाणी पडावं तसा. मला वाटलं, जमवला माझ्या माणसानं जोड. मी आनंदानं वरच्या पट्टीत गेले. त्याच वेळी पडद्यामागून आण्णा हिरव्या लुगड्यात धावत आले, "मशीन बंद करा रं! दिनू चिकटलाय!" लुगडं पायात अडकून ते तोंडावर आपटले. आणि अख्खं गाव हसलं. गावाला वाटलं, खेळ आहे. एवढी माणसं हसत असताना मशीन बंद करायला लागतो तेवढाच वेळ गेला. तेवढाही माझ्या दिनकरपाशी नव्हता.

पडद्यामागं तिघंच होते. दिनकर, रंगराव मालक आणि आत यायची वाट बघत उभे असलेले आण्णा. जनरेटरवर मालकाचा भाचा होता, वाजवणारे सगळे माझ्याबरोबर स्टेजवर. पोलिसांनी मालकावर निष्काळजीपणाचा खटला भरला. मालकानं सांगितलं, दिनकर पिऊन होता, न विचारता वायरीत हात घातला. वास आला म्हणून सांगायला दोन माणसं उभी केली. डॉक्टरच्या कागदात त्याविषयी धड काही नव्हतं.

दिनकरचा बाप दारूनं गेला होता. वास आला तरी तो पंगतीतून उठायचा. पण मेलेल्या माणसाला तोंड नसतं. माझी शालन सहा वर्षांची. एक दिवस शाळेतून आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "आये, बाबा पिऊन मेला व्हय?" मला मालक तुरुंगात गेलेला हवा होता असं नाही. मला कोर्टाच्या कागदावर एवढंच लिहून पाहिजे होतं, की दिनकर शुद्धीत होता आणि मालकाच्या हुकमानं त्यानं चालू वायरीला हात लावला. त्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या मनात ओवी आपोआप जुळत होती,

कुंकवाचा माझा धनी, न्हाई शिवला बाटलीला
जग लावितं गं डाग, धुतलेल्या चादरीला

तो डाग धुवायला जगात एकच तोंड उरलं होतं, आणि ते तोंड दिसलं की जग हसत होतं.

साडेअकराला पुकारा झाला. आत उभं राहायला जागा नव्हती. खटला कुणाचा, कशाचा, कुणाला देणंघेणं नव्हतं. मावशी फुकटात बघायला मिळणार होती. माझा दीर महिपती भिंतीला टेकून उभा होता. मला त्यानं पुढच्या बाकावर, साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर बसवलं होतं. "वहिनी, जज्जाला तुमी दिसाय पायजे," म्हणाला होता.

"ईश्वरसाक्ष खरं सांगेन," आण्णा म्हणाले आणि मागून फुसकन हसू आलं.

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "हे नाटकाचं थेटर नाही. पुन्हा कुणाचा आवाज आला, तर सगळ्यांना बाहेर काढीन."

कोर्ट गप्प झालं. सरकारी वकील तरुण होते, घाईत होते.

"घटनेच्या वेळी आपण कुठं होता?"

"पडद्यामागं, साहेब. पाच हातावर."

"काय घडलं ते सांगा."

"दिनू म्हनला, जोड वल्ला हाय, मशीन बंद करा. रंगराव मालकानं बंद करू दिली न्हाई. चालू ठिवून कराय लावलं."

"मयत दारू प्यायलेला होता?"

"न्हाई, साहेब. त्यो पीत नव्हता."

अकरा वर्षांत असला आवाज मी त्यांच्या गळ्यातून ऐकला नव्हता. सपाट. नांगरून ठेवलेल्या रानासारखा. कुणी हसलं नाही. माझ्या छातीवरचा दगड जरा सरकला. महिपतीनं लांबूनच माझ्याकडं बघून मान हलवली.

मग मालकाचे वकील उठले. इनामदार वकील. वय झालेलं, बोलणं गुळाच्या पाकासारखं, सावकाश.

"वायदंडे, त्या वेळी तुम्ही काय नेसला होता?"

आण्णांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"ऐकू येत नाही का?"

"लुगडं."

"किती वारी?"

"नऊ."

"रंग?"

"हिरवा."

लोकांनी तोंडावर हात धरले. बाकांची लाकडं हसू दाबल्यानं कुरकुरायला लागली.

"डोक्यावर अंबाडा?"

"व्हय."

"तुमचा स्वतःचा?"

"न्हाई, साहेब. घोड्याच्या केसाचा."

आता जज्जसाहेबांच्या समोर बसलेल्या कारकुनाचेही खांदे हलले. आण्णांनी हे हसण्यासाठी सांगितलं नव्हतं. विचारलं तेवढंच सांगितलं होतं.

"कानावर पदर?"

"हुता."

"म्हणजे शेजारी ढोलकी, वर कर्णा, कानावर पदर. आणि हे सगळं ऐकलं कुणी? निवृत्ती वायदंडेनी, का मावशीनं?"

हसू फुटलं. मागून, बाजूनं, खिडकीतून. आणि मला आण्णांचा डावा पाय दिसला. तो अर्धं पाऊल पुढं आला होता.

ती खूण मला एकटीलाच ठाऊक होती. हशा आला, की ते भार डाव्या पायावर घ्यायचे आणि तो झेलायचे. पुरता पडू द्यायचे नाहीत. अर्ध्यावर आला, की त्याच्यावर पुढचं वाक्य ठेवायचे, जात्यात मूठ सोडावी तसं. मी मनात म्हटलं, आण्णा, पाय मागं घ्या. पाय मागं घ्या.

"मावशी असती, तर मालकाच्या झिंज्या धरल्या असत्या, साहेब," ते म्हणाले.

कोर्ट कोसळलं. जज्जसाहेबांनी टेबलावर हात आपटला, पण ओठ त्यांचेही वाकडे झाले होते. आण्णांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. आपल्या तोंडून काय गेलं हे त्यांना ते गेल्यावर कळलं होतं. दोन्ही हातांनी पिंजऱ्याचं लाकूड धरून ते उभे राहिले.

इनामदार वकील त्याच गोडीनं म्हणाले, "तुमचं पिक्चरातलं एक वाक्य फार गाजलंय. खरं सांगू नगं, असंच ना? म्हणजे खरं सांगायचं नाही, हा तर तुमचा धंदाच झाला."

सरकारी वकील उठले, "साहेब, याचा खटल्याशी..."

"त्ये वाक्य तसं न्हाई," आण्णा म्हणाले.

त्यांनी हे का म्हटलं, हे त्या वेळी मला समजलं नाही. मी कपाळाला हात लावला. मला वाटलं, कलावंताचा गर्व हो, दुसरं काय! वाक्य मोडून म्हटलेलं सोसलं नाही. माणूस मेलाय आणि ह्यांना वाक्याची पडली आहे.

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. बायकापोरांसह त्यांनीही तो पिक्चर बघितला असणार. नाहीतर त्यांनी विचारलंच नसतं.

"मग कसं आहे?"

"त्येला मधी थांबाय लागतंय, साहेब."

आण्णांनी टोपी काढून पिंजऱ्यावर ठेवली. डावा पाय मागं घेतला. दोन्ही पाय जोडून, देवापुढं उभं राहावं तसे ते उभे राहिले. आणि त्यांनी विचारलं, बायकी गळा न काढता, स्वतःच्या जाड्याभरड्या आवाजात विचारलं,

"खरं सांगू?"

दुसरं पद कुणी म्हटलं नाही. बाहेर काढतील म्हणून सगळे ओठ मिटून बसले होते. टाइपरायटर थांबला होता. खिडकीच्या गजाला धरलेली माणसं हालत नव्हती. वर पंखा फिरत होता, त्याचा आवाज ऐकू येत होता. इतकं शांत कोर्ट त्या दिवशी एकदाही झालं नव्हतं. आण्णांची नजर सगळ्या माणसांवरून फिरत फिरत आली आणि माझ्यावर थांबली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग त्यांच्या तोंडातून तो शब्द पडला.

"नगं."

पुढचं काय सांगू! कौलं उडतील असं हसले लोक. जज्जसाहेबांनी फाइल तोंडापुढं धरली. रंगराव मालकसुद्धा पोट धरून हसला, ज्याच्यावर खटला होता तो. इनामदार वकील म्हणाले, "माझं झालं, साहेब," आणि खाली बसले.

सरकारी वकिलांनी पुन्हा उठून विचारलं, "मालक नेमकं काय म्हणाले, तेवढं सांगा." आण्णा ओरडले. जीव तोडून ओरडले, "मालक म्हनलं, गवळन चाललीया, आवाज गेला तर पब्लिक उठंल, चालू ठिवूनच कर!" शब्द अन् शब्द खरा होता. त्याच्यावरही लोक हसले. आता ते काहीही म्हणाले असते तरी लोक हसले असते.

कोर्टाच्या मागं एक सिमेंटची टाकी होती, पाण्याची. आण्णा तिच्या कठड्याशी वाकून तोंडावर पाणी मारत होते. पुन्हा पुन्हा मारत होते. मी जाऊन उभी राहिले. मला त्यांना जाब विचारायचा होता.

"मला आवाज बंद करायचा हुता गं," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "वकील एकेक हशा काढीत हुता, आन् मी त्यात बुडत हुतो. हशा असा मोडत न्हाई. त्येला आदी पुरता थांबवून धराय लागतोय. तुला ठावं हाय. त्या वाक्यावर मानसं गप हुत्यात, हमखास हुत्यात. म्हनलं, गप झाली की त्याच गपीत मालकाचं बोलनं जसंच्या तसं टाकावं. एकदा कानात गेलं की गेलं. झाली हुती का न्हाई गप?"

"झाली हुती."

"सुई पडली आसती तर ऐकू आली आसती."

"मग बोलला का न्हाईसा?" माझा बांध फुटला. "मग नगं का म्हनलासा, आण्णा?"

ते वळले. मिशीतून पाणी ठिबकत होतं.

"तू म्हनलीस, हौसे."

"म्या? म्या काय म्हनले?"

"सांग की गं."

मी "न्हाई" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण तोंड उघडताच मला आठवलं. आठवलं ते मनाला नाही, ओठांना. आवाज नव्हता फुटला. पण ते माझ्याकडं बघत होते, ते वाक्य हवेत होतं, आणि अकरा वर्षं, हंगामात दिवसाला दोनदा, त्या वाक्यानंतर माझं तोंड हललं होतं. तेवढ्या माणसांत ते फक्त त्यांनाच दिसलं. आणि राधेनं पद दिलं की मावशी काय म्हणते, हे त्यांच्या जिभेला कुणी सांगावं लागत नव्हतं. वासराच्या तोंडात आचळ दिलं की ते ओढतं. त्याला काय विचारायचं असतं?

मी टाकीच्या कडेला खालीच बसले. नवरा मेला त्या दिवशी मी गात होते. त्याची साक्ष झाली त्या दिवशी मी पद दिलं.

"आण्णा, मी आत्ता जाते. जज्जापुढं सांगते."

"काय सांगशील? मी ओट हलवलं म्हनून साक्षीदार चुकला? परत हसत्याल. मावशीनं बी आन् राधंनं बी कोर्टात गवळन लावली म्हनत्याल." ते माझ्यासमोर उकिडवे बसले. "हे बघ. ऐक. तुला महिपतीच्या घरात र्‍हायाचंय. तमाशातली बाई म्हनून आदीच तुजं ताट येगळं. ह्ये कळलं तर तुला आन् पोरीला त्या घरात उंबरा र्‍हानार न्हाई. कुनाला सांगू नगंस. मी बी सांगनार न्हाई."

"आन् लोकं तुमाला..."

"म्हनू द्यात. मालकाला फितूर झाला म्हनत्याल. मी सोंगाड्या मानूस, माज्या तोंडाला काय काय फासलंय आजवर. आनि एक थर."

त्यांनी हे हसून म्हटलं. मला वाटतं, माझ्यासाठी हसले.

तेवढ्यात महिपती आला. पळतच आला. मागं गावातली चार माणसं. त्यानं आण्णांची मान मागून धरली, उभं केलं आणि थोबाडीत मारली.

"इकलास व्हय रं मुडद्या? माजा भाऊ इकलास व्हय मालकाला?"

आण्णांनी हात वर केला नाही. दुसरी बसली. टोपी आतच राहिली होती, त्यांचे विरळ केस कपाळावर आले. बघे जमले. त्यातलं एक पोर हळूच "मावशी" म्हणालं आणि दोघंतिघं हसले. मार खातानाही हसले.

"वहिनी, थुका ह्येच्या तोंडावर," महिपती म्हणाला. "तुमचं कुकू पुसलं ह्येनं दुसऱ्यांदा. थुका!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आण्णाही बघत होते. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. व्हय म्हणून. त्यांच्या बायकोनं, पोटच्या पोरानंही जेवढं त्यांना वाचलं नसेल तेवढं मी वाचलेलं होतं; ती मान मला कळली.

मी थुंकले. तोंडावर नाही, पायापाशी. पण थुंकले.

त्यांनी पाय मागं घेतला नाही.

तीन महिन्यांनी निकाल लागला. मालक सुटला. साक्षीदाराच्या वर्तनात गांभीर्य नव्हतं, त्याच्यावर विसंबता येत नाही, आणि मयत दारूच्या अमलाखाली असल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं सरकारी वकिलांनी वाचून दाखवलं. मी तमाशा सोडला. शाळेत पोरांची सुकडी शिजवायला लागले. महिपतीनं मला आणि शालनला शेवटपर्यंत घरात ठेवलं, तेवढं त्याचं मन मोठं होतं.

आण्णांनी ते वाक्य पुन्हा कधी म्हटलं नाही. दुसऱ्या एका फडात गेले. पब्लिक "सांग की गं" म्हणून ओरडायचं, शिट्ट्या मारायचं आणि ते लुगड्यात, ओठ मिटून उभे राहायचे. लोक म्हणाले, फितूर झाला त्याची बोचणी लागलीय. दोन हंगामांत कुणी बोलावेना. पिक्चरवाल्यांना तर तेच वाक्य हवं होतं. पुढं कधीतरी टीव्हीवर एका पिक्चरात मला ते दिसले. लग्नाच्या पंगतीत वाढपी होते. भात वाढत वाढत पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला गेले, एक शब्द न बोलता. शालननं उठून टीव्ही बंद केला.

तिच्या लग्नात ते आले होते. न बोलवता. हातात पातळाचं एक पुडकं घेऊन मांडवाच्या दारात उभे. शालन हळदीच्या अंगानं उठली आणि म्हणाली, "माझ्या बापाचं मरण विकणाऱ्याच्या हातचं मला काही नको. निघा." ते निघाले. मी तिथंच चार पावलांवर होते, हातात अक्षतांचं ताट. मला तेव्हा तोंड होतं. महिपती तोवर वारला होता, मला घराबाहेर काढणारं कुणी उरलं नव्हतं. तरी मी गप्प राहिले. का, ते विचारू नका. सवय फक्त बोलायचीच लागते असं नाही.

मागच्या महिन्यात शालन माझ्याकडं आली होती. आता तीच पन्नाशीला आली आहे, शाळेत शिकवते. चहा पिता पिता पेपर वाचत होती.

"आई, तो गेला बघ. मावशी. चारच ओळी आल्यात." मग म्हणाली, "बरं झालं."

मी चहाची कपबशी खाली ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. कोर्ट, पंखा, माझे ओठ, टाकी, थुंकी. काही ठेवलं नाही. सांगताना मला वाटत होतं, ती ओरडेल, रडेल, उठून जाईल. ती पेपरची घडी घालत राहिली. घातली, मोडली, पुन्हा घातली.

"म्हणजे बाबा खरंच पीत नव्हते?" तिनं पहिलं हे विचारलं.

मी तिला हे हजारदा सांगितलं होतं. तिनं आयुष्यभर माझं नाही, कोर्टाचं खरं मानलं होतं.

"न्हाई गं बाई. कंदी न्हाई."

चहावर साय धरली.

"त्यांच्या मागं कोण आहे?"

"कोन न्हाई. बायकू कवाच गेली. ल्योक हुता, त्यो बी गेला."

"घर?"

"भाड्याचं हुतं म्हनं. दुसरं कोन तरी र्‍हात आसंल आता."

तिनं पेपर मांडीवर ठेवला.

"मग मी आता कुणाच्या दारात जाऊ, आई?"